कांगड्याचा चहा: परभणी ते पालमपूर

रविवार, सचखंड एक्स्प्रेस

चहाचे मळे बघायचे म्हटलं की आपल्याकडचा माणूस मुन्नारचं नाहीतर दार्जिलिंगचं नाव घेतो. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात चहा पिकतो, हे अंबाजोगाईत ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांना पटलंच नाही. "तिकडं तर सफरचंद असतंय की," असं म्हणाले. खरं तर कांगड्याला जायला मराठवाड्याइतकी चांगली सोय फार कमी भागांना आहे. नांदेडहून रोज सकाळी निघणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीला धरायची, दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर. तिथून पठाणकोट आणि पुढं चार-पाच तासांच्या बसनं पालमपूर. शिवाय वाटेत घुमान लागतं, म्हणजे नामदेव महाराजांचं दर्शनही होतं.

आम्ही चौघं निघालो. मी, हे, माझे मामा आणि मामी. मामांची सगळी नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. स्लिपबॉय म्हणून लागले आणि ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले. ऊस, तोड, टोळी, मुकादम, वजनकाटा यांतच त्यांचं आयुष्य गेलं. कांगड्याचं मी सुचवलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तिथं कारखाना आतून बघू देतेत का?" देतात म्हटल्यावर तयार झाले. "साखर कशी होतीय ते मला झोपेतून उठवून विचार. पण त्याच कपात पडणारी पत्ती कशी होतीय ते आजवर बघितलं नाही बघ, माय."

अंबाजोगाईहून पहाटेची एसटी धरून परभणीला वेळेत पोचलो. ऊन सकाळीच चटका देत होतं. सचखंडनं नेहमी जाणारे लोक घरून ताट-वाटी घेऊन निघतात, कारण वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवादार लंगर घेऊन उभे असतात. मामींनीही स्टीलची ताटं, पेले सगळं बांधून आणलं होतं. जालन्याला आणि पुढं संभाजीनगरला डबा थांबायच्या आत खिडकीशी माणसं आली. डाळ, भात, भाजी, पोळी. कुणी तिकीट विचारत नाही, जात विचारत नाही, पैसे तर नाहीच नाही. गाडी सुटेपर्यंत वाढत राहतात. मामींनी दोन्ही हातांनी ताट धरून घेतलं, प्रसाद घेतात तसं.

सोमवार, गाडीतच

सगळा दिवस प्रवासात गेला. दिल्लीच्या पुढं गव्हाची काढणी चालली होती. हार्वेस्टर शेतात फिरताना बघून मामा खिडकी सोडायला तयार नव्हते. रात्री अमृतसरला उतरलो आणि सराईत खोली मिळाली.

मंगळवार, अमृतसर आणि घुमान

पहाटे हरमंदिर साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात गेलो. दर्शन झाल्यावर लंगरघराच्या बाजूला चहाचा लंगर चालू होता. इथं चहा वाटीत देतात. दूध भरपूर, साखर भरपूर, गरम वाटी दोन्ही तळव्यांत धरायची. हा चहा दिवसरात्र चालू असतो.

कांगड्याच्या चहाची गोष्ट खरं तर याच गावापासून सांगायला पाहिजे. आज आपण कांगड्याचा काळा चहा घेतो, पण कितीतरी वर्षं तिथं मुख्यतः हिरवा चहा बनायचा आणि तो डोंगर उतरून अमृतसरच्या पेढ्यांवर यायचा. इथले व्यापारी तो काश्मीरला, काबूलला आणि पुढं मध्य आशियात पाठवायचे. तिकडं दुधाचा चहा कमी, हिरवा कोरा चहा जास्त. म्हणजे आपल्या घरात चहा अजून सवयीचाही झाला नसेल तेव्हा हिमाचलच्या एका खोऱ्यातली पानं खैबर ओलांडून जात होती. फाळणीनंतर हे सगळे रस्ते आखडले. अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाल्यावर तर हा बाजार पारच कोसळला. चहाचा भाव कुठल्या कुठं ठरतो, हे साखरेच्या निर्यातबंदीचे फटके खाल्लेल्या आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको.

दुपारी गाडी करून मेहता चौकावरून घुमानला गेलो. गुरदासपूर जिल्ह्यातलं हे छोटं गाव. आमच्या हिंगोलीच्या नर्सीत जन्मलेले नामदेव महाराज इथं बरीच वर्षं राहिले आणि इथल्या लोकांनी त्यांना आपलं मानलं. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं होतं. आम्ही मराठवाड्याचे म्हटल्यावर गुरुद्वाऱ्यातल्या बाबाजींनी "नामदेवजी के गाँव से?" असं विचारून आम्हाला बसवलंच. मामी वारकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी तिथं हळू आवाजात एक अभंग म्हटला. बाबाजींना शब्द कळत नव्हते, तरी ते डोळे मिटून शेवटपर्यंत बसले. नंतर चहा आलाच. रात्री पठाणकोटला मुक्काम केला.

बुधवार, पठाणकोट ते पालमपूर

ह्यांचा सगळा जीव रेल्वेत. पठाणकोट ते जोगिंदरनगर ही कांगडा खोऱ्यातली १६४ किलोमीटरची छोटी रेल्वे १९२६ ते १९२९ या काळात बांधली गेली. शानन वीजघराचं अवजड सामान डोंगरात न्यायचं हे तिच्यामागचं मोठं कारण. पण ऑगस्ट २०२२ च्या पुरात पठाणकोटजवळचा चक्की नदीवरचा पूल पडला आणि या मार्गाचा पठाणकोटकडचा टप्पा तुटला. त्यामुळं आम्ही हिमाचलच्या सरकारी बसनं निघालो. रूळ मात्र वाटेत अधूनमधून दिसत राहतात. या रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेइतकीच. मामांनी लातूरहून त्या छोट्या गाडीनं पंढरपूरच्या किती वाऱ्या केल्या असतील! आषाढीला टपावरही माणसं असायची, हे त्यांनी शेजारच्या पंजाबी प्रवाशाला हिंदीतून सांगितलं आणि त्यानंही कांगड्याच्या गाडीचं तेच सांगितलं.

नूरपूर, शाहपूर गेलं आणि एका वळणावर धौलाधारची पर्वतरांग समोर आली. आपल्याकडं बालाघाटाचे डोंगर हळूहळू चढत जातात. इथं भाताच्या खाचरांमागं एकदम बर्फाची भिंतच उभी राहते, मध्ये काहीच नाही. हा डोंगर ढग अडवतो म्हणून तर पालमपूर भागात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरपर्यंत पाऊस पडतो. आपल्या मराठवाड्याची सरासरी ७०० मिलीमीटरच्या आतली. हा आकडा ऐकून मामा बराच वेळ बाहेर बघत बसले.

नगरोट्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला चहाची पहिली झाडं दिसली. कंबरेइतकी उंच, वरून सपाट छाटलेली, मधेमधे शिरीषाच्या जातीची सावलीची झाडं. हा मळा एका अंगणापाशी सुरू होऊन पुढच्या घराच्या गोठ्यापाशी संपत होता. नजर पोचेपर्यंत एकच मळा, असं कांगड्यात क्वचितच दिसतं. घर, भाजीपाला, गाय आणि त्याला लागून चहाचा तुकडा, अशी ही शेती आहे. मला हे फार आवडलं. फोटोत दार्जिलिंगचे डोंगर जास्त भव्य दिसतील, पण इथल्या चहाला घर चिकटलेलं आहे.

पालमपूरला संध्याकाळी पोचलो. गाव साधारण बाराशे मीटर उंचीवर. पहिले परमवीरचक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा आणि कारगिलचे कॅप्टन विक्रम बात्रा, दोघंही याच भागातले. एका शेतकऱ्याच्या घरी राहायची सोय केली होती. रात्री अंगावर रजई घ्यावी लागली. एप्रिलात, विचार करा.

गुरुवार, मळा आणि कारखाना

घरच्या ताईंसोबत सकाळी सातला मळ्यात गेलो. जेमतेम एकरभर चहा. एप्रिलची ही पहिली खुडणी. थंडीभर झाड झोपलेलं असतं, डिसेंबर-जानेवारीत छाटणी होते आणि मार्चअखेरीला जो पहिला कोंब फुटतो त्यात वास साठलेला असतो. पुढं जूनमध्ये, पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत खुडणी चालते, पण एप्रिलच्या पानाची सर कशालाच नाही, असं ताई म्हणाल्या. पावसाळ्यात पान भराभर वाढतं, वजन भरतं, वास मात्र पातळ होतो.

त्यांनी हात कसा चालवायचा ते दाखवलं. दोन पानं आणि मधली मिटलेली कळी. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये देठ धरायचा आणि खाली वाकवून मोडायचा. नख लावायचं नाही, नख लागलं की तिथं पान लाल पडतं. दोन्ही हात एकाच वेळी चालतात, मूठ भरली की मागं न बघता पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत टाकायची. मी एक कोंब तळहातावर घेऊन बघितला. कळीवर बारीक पांढरी लव होती, पानाच्या कडेला करवतीसारखे दाते, आणि पान माझ्या अंगठ्यापेक्षा फार मोठं नव्हतं. कांगड्याचा चहा मुख्यतः चिनी वाणाचा. पान लहान, थंडी सोसणारं, रंग कमी देणारं, वास जास्त देणारं. आसामचं पान याच्या कितीतरी मोठं असतं.

शेजारच्या मोठ्या मळ्यात बायकांची टोळी खुडत होती, त्यांत काही झारखंडकडून आलेल्या. मामांनी विचारलं, इथली माणसं येत नाहीत का? ताईंनी सांगितलं की पोरं फौजेत जातात, नोकरीला चंदीगडला जातात, आणि खुडणी अशी गोष्ट आहे की दहा दिवस थांबता येत नाही. पान जून झालं की गेलं. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी दोघांनी धरून चालवायची कापणी यंत्रं आली आहेत. यंत्रानं काम होतं, पण कळीबरोबर जाड देठ आणि जुनी पानंही येतात.

मामा त्या बायकांकडं बघत उभे राहिले. मला म्हणाले, "आपल्या केजच्या, धारूरच्या बाया दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतेत, ह्या इकडं टोपली घेऊन निघतेत. बशीतल्या चहात दोन्ही आलं बघ." बीड जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे आम्ही दोघांनी आयुष्यभर बघितलंय. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, पाचटाच्या खोपी, थंडीत पहाटे मोळ्या बांधणाऱ्या बायका. पर्यटनाच्या पुस्तिकेत चहा खुडणारी बाई नेहमी हसत असते. इथं ती वाकलेली असते, तिच्या बोटांना काळे डाग पडलेले असतात आणि टोपलीचं वजन होईपर्यंत ती कुणाशी फार बोलत नाही. आम्ही तिथं फोटो काढले नाहीत.

दुपारी पालमपूरच्या सहकारी चहा कारखान्यात गेलो. भोवतालचे छोटे शेतकरी आपला पाला इथं आणून घालतात. पर्यटकांना आत फिरून बघता येतं. मामा दारातून सरळ वजनकाट्याकडं गेले. पाल्याचं पोतं काट्यावर, नोंद वहीत, पावती शेतकऱ्याच्या हातात. "काटा साफ आहे," मामा समाधानानं म्हणाले. त्यांच्या तोंडून एखाद्या कारखान्याला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळणार नाही.

आत पहिल्यांदा लांबच लांब जाळीच्या हौदांवर पाला पसरतात आणि खालून पंख्यानं हवा सोडतात. रात्रभर तसाच ठेवतात. याला तिथं सगळे विदरिंग म्हणतात, म्हणजे पाला सुकवून मऊ करणं. तिथल्या कामगारानं मामांच्या हातात मूठभर पाला देऊन आवळायला लावला. मूठ उघडली तर पाल्याचा गोळा तसाच राहिला, पान मोडलं नाही, उसळलं नाही. "झाला," तो म्हणाला. मामांना याचं फार नवल वाटलं. तोडलेला ऊस वाळला की वजन जातं, उतारा जातो, म्हणून तो लवकरात लवकर गव्हाणीत पडावा यासाठी त्यांनी रात्री-अपरात्री ट्रॅक्टरमागं धाव घेतलेली. इथं पाला मुद्दाम सुकवतात, कारण सुकल्याशिवाय तो पिळता येत नाही.

मग रोलर. गोल पितळी ताटावर दुसरं झाकण फिरतं आणि पाला त्यात वळला जातो, चिरडला जातो, त्याचा रस पानांच्याच अंगाला लागतो. त्या खोलीत जो वास असतो तो पुढं कुठल्याच कपात सापडत नाही. ताज्या गवताचा, हिरव्या फळाचा, थोडा ओल्या लाकडाचा. नंतर हा वळलेला पाला गार फरशीवर पसरतात. दोन-तीन तासांत हवेनं त्याचा रंग हिरव्याचा तांबूस होतो, आणि काळ्या चहाची चव इथं ठरते. मिनिटं थोडी इकडं-तिकडं झाली तर चहा कच्चा राहतो नाहीतर मेलेला होतो. हिरवा चहा करायचा असेल तर ही पायरीच येऊ देत नाहीत, आधीच पाल्याला वाफ किंवा आच देऊन तो हिरवा ठेवतात. शेवटी गरम हवेच्या भट्टीत वाळवण, आणि मग चाळण्या. सगळ्यात वर अख्खं पान, खाली तुकडा, त्याखाली बारीक, तळाला भुकटी.

आपण घरात जी दाणेदार पत्ती वापरतो ती वेगळ्या यंत्रावर होते, दात्यांच्या रुळांत चिरडून, फाडून तिचे गोळे करतात. ती रंग लगेच सोडते, दूध-साखर-आलं सगळं सोसते. मला तो चहा प्रिय आहे आणि राहील. पण वळलेल्या पानाचा चहा ही निराळीच वस्तू आहे. त्यात दूध घातलं की नुसतं दूधच लागतं.

मामांनी शेवटचा प्रश्न विचारला तो त्यांना सकाळपासून विचारायचा होता. "रिकव्हरी किती?" साधारण साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो, असं उत्तर आलं. मामांनी तिथंच हिशेब केला. "बावीस टक्के! आपल्याकडं अकरा लागला की पेढे वाटतेत."

विक्रीच्या टेबलापाशी एप्रिलचा चहा प्यायला दिला. कप पांढरा, चहा फिकट सोनेरी. मामींनी आधी विचारलं, "दूध विसरले का?" मग एक घोट घेतला, थोडं थांबल्या, आणि म्हणाल्या की घशात गेल्यावर गोड लागतंय. अगदी बरोबर. साखर नसताना मागून येणारा तो गोडवा हाच या चहाचा गुण.

संध्याकाळी घराच्या ओसरीवर ताईंच्या सासऱ्यांनी पूर्वीचं सांगितलं. १८४९ च्या सुमाराला डॉ. जेमसन या वनस्पतिशास्त्रज्ञानं अल्मोडा आणि डेहराडूनच्या रोपवाटिकांतून चिनी चहाची रोपं इथं आणवली. १८५२ मध्ये पालमपूरजवळ होलटा इथं पहिला मोठा मळा उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लंडन-ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत कांगड्याच्या चहाला पदकं मिळत होती. आणि मग ४ एप्रिल १९०५ ची सकाळ आली. भूकंपात कांगडा, धरमशाळा, पालमपूर सगळं पडलं. सुमारे वीस हजार माणसं गेली. चहाचे कारखाने जमीनदोस्त झाले, आणि बहुतेक इंग्रज मळेवाले जमिनी मिळेल त्या भावानं स्थानिकांना विकून निघून गेले.

हे ऐकताना ओसरीवर कुणी बोलेना. मामांचं गाव औशाकडचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पनला किल्लारी हलली तेव्हा गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. मामा सकाळी कारखान्याचा ट्रक घेऊन तिकडं गेले होते. आजवर त्यांनी त्यावर घरातसुद्धा फारसं सांगितलेलं नाही. त्या रात्री पालमपूरच्या ओसरीवर त्यांनी सांगितलं. दगड-मातीची माळवदाची घरं, हातांनी उपसलेले ढिगारे, आणि आठवड्याभरात पुन्हा रब्बीच्या पेरणीला लागलेली माणसं. "जायचं कुठं? जमीन तर तिथंच होती," असं म्हणाले. सासरे पंजाबी मिसळलेल्या हिंदीत बोलत होते, मामा मराठी मिसळलेल्या हिंदीत. दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं.

मला कांगड्याच्या चहाचं मोल तिथं कळलं. ज्यांना निघून जाता येत होतं ते गेले. राहिले त्यांनी पडलेल्या कारखान्यांच्या जागी घरातल्या घरात, हातानं वळून, कढईत भाजून चहा चालू ठेवला. आज जवळपास ५,९०० चहा उत्पादक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडं अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी चहा आहे. कागदावर २,३०० हेक्टर आहे, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपासच पिकतं. १९९८ च्या सुमाराला उत्पादन १७ लाख किलोंपर्यंत गेलं होतं, आता ते १० लाखांच्या खाली आहे. २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये युरोपीय संघानंही मान्यता दिली. मानांकनानं नाव टिकतं, पाला मात्र कुणीतरी खुडावाच लागतो.

जमिनीचा प्रश्न त्याहून अवघड. १९७२ च्या सीलिंग कायद्यात, म्हणजे एकाकडं जास्तीत जास्त किती जमीन असावी हे ठरवणाऱ्या कायद्यात, हिमाचलनं चहाच्या मळ्यांना सूट दिली आणि त्याबरोबर ती जमीन दुसऱ्या कामाला वापरण्यावर बंधन घातलं. पर्यटन वाढलं तसं हॉटेलवाल्यांचे डोळे या जमिनींवर आहेत. बंधन उठवा असं म्हणणारे शेतकरीही आहेत, त्यांना दोष देता येत नाही, एकरभर चहावर घर चालत नाही. पण बंधन उठलं तर दहा वर्षांत इथं फक्त चहाच्या मळ्यांची नावं असलेली हॉटेलं उरतील, असं माझं स्पष्ट मत आहे. पर्यटकानं करण्यासारखं काय आहे? मळ्यात उभं राहून फोटो काढून निघून जाण्याऐवजी शेतकऱ्याच्या घरी राहावं आणि सहकारी कारखान्यातून पत्ती विकत घ्यावी. तो पैसा त्या काट्याच्या पावतीतून परत मळ्यात जातो.

शुक्रवार, धाम

शेजारच्या घरी लग्न होतं आणि पाहुण्यांचे पाहुणे म्हणून आम्हालाही बोलावणं आलं. कांगड्याची धाम म्हणजे पंगतच. जमिनीत लांब चर खणून त्यावर पितळेचे हंडे, स्वयंपाक करणारे बोटी, पानांच्या पत्तलीवर जेवण. भात, दह्यातला चण्याचा मदरा, उडदाचं तेलिया माह, आंबट खट्टा आणि शेवटी गोड भात. कांदा-लसूण नाही. मांडी घालून बसलेल्या रांगेत मामी इतक्या सहज मिसळल्या की वाढणाऱ्यानं त्यांना घरच्याच समजून आग्रह केला.

शनिवार, बैजनाथ आणि बीर

परळीला वर्षातून कितीदा जाणं होतं ते मोजलेलं नाही, आणि इथं पुन्हा वैद्यनाथच भेटले. बैजनाथचं मंदिर १२०४ मध्ये आहुक आणि मन्युक या दोन व्यापारी भावांनी बांधल्याचं तिथल्या शिलालेखात आहे. रावण आत्मलिंग घेऊन निघाला आणि ते वाटेत ठेवावं लागलं, ती परळीत सांगतात तीच कथा इथंही सांगतात. इथं रावणाची शिवभक्ती इतकी मानतात की बैजनाथमध्ये दसऱ्याला रावण जाळत नाहीत. मामींनी परळीचा अंगारा पुडीत आणला होता, तो पिंडीपाशी ठेवला.

बीरला तिबेटी लोकांची वसाहत आहे आणि वरच्या बिलिंगवरून पॅराग्लायडिंगवाले उड्या घेतात. २०१५ मध्ये तिथं जागतिक चषकाची स्पर्धाही झाली. आमचं काम एका तिबेटी आजींच्या छोट्या हॉटेलात होतं, लोण्याचा चहा प्यायचा होता. विटेसारखा दाबलेला चहा फोडून तो बराच वेळ उकळतात, मग उंच लाकडी नळकांड्यात लोणी आणि मीठ घालून रवीसारख्या दांड्यानं घुसळतात. वर लोण्याचा तवंग. थंड कोरड्या पठारावर राहणाऱ्या माणसाला ऊब आणि ताकद दोन्ही देणारी ही गोष्ट आहे. पेला रिकामा दिसला की आजी लगेच भरतात. पुरे म्हणायचं असेल तर पेला भरलेलाच ठेवायचा आणि निघताना संपवायचा, अशी रीत. मामांनी शांतपणे पूर्ण पेला संपवला आणि म्हणाले, "भाकरी चुरून खाल्ली तर पोट भरंल." आजींना अर्थ सांगितला तर त्या म्हणाल्या की आम्ही तेच करतो, भाजलेल्या जवाचं पीठ त्यात कालवून खातो.

रविवार, धरमशाळा

कुणाल पाथरीच्या देवीच्या मंदिराभोवती चहाचे मळे आहेत, तिथं सकाळी पायी गेलो. वर मॅक्लोडगंजच्या रस्त्यावर देवदारांत १८५२ चं दगडी चर्च आहे. १९०५ च्या भूकंपात गाव पडलं, ते टिकलं. गर्दी पुष्कळ, गाड्यांची रांग लागलेली, आम्ही फार थांबलो नाही.

निघताना ताईंनी चहा कसा करायचा ते मामींकडून म्हणवून घेतलं होतं, ते इथं देते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा आणि मिनिटभर थांबायचं. कपाला एक चमचा पत्ती, झाकण, तीन मिनिटं, मग गाळायचं. पत्ती पाण्याबरोबर उकळायची नाही, कडू होते. अंबाजोगाईचं पाणी जड आहे, त्यानं चहाला गडद रंग येतो आणि वर साय धरल्यासारखं दिसतं. मामी आता त्यासाठी फिल्टरचं पाणी वापरतात. सकाळचा पहिला चहा अजून दुधाचा, आलं ठेचून. दुपारी चारचा कोरा. मामांनी कारखान्याचा पत्ता वहीत लिहून घेतलाय, आणि पुढच्या एप्रिलचा चहा टपालानं मागवायला गल्लीतल्या चार घरांकडून आगाऊ पैसे गोळा केलेत.